ताशी त्र्याण्णव

पत्र आधी कंपनीच्या नावाने आलं,
कारण गाडी कंपनीची.
फ्राऊ थॉमसेननी ते माझ्यापुढे सरकवलं
कॅन्टीनच्या टेबलावर, सूपच्या वाडग्याशेजारी,
आणि चष्मा कपाळावर चढवून विचारलं,
"योर्न, हे ध्यान तुझंच ना?"

माझंच.
डागेब्युलचा रस्ता, रविवार, रात्रीचे आठ बावीस.
मर्यादा सत्तरची, वेग शहाण्णव,
यंत्राच्या चुकीपोटी तीन वजा,
उरले त्र्याण्णव.
शंभर युरो दंड, वरखर्च वेगळा,
शिवाय एक गुण.
देशभरातल्या चालकांचे असले गुण
आमच्याच गावात, फ्लेन्सबुर्गला, नोंदवून ठेवतात.
शाळेत एकेका गुणासाठी रडलो होतो,
इथे मागायची गरज पडली नाही.

त्या रविवारी कुठलीच लिफ्ट बंद पडली नव्हती.
फ्राऊ थॉमसेनना ते पक्कं ठाऊक.
फोटोतल्या दुसऱ्या सीटवर त्यांनी नखाने टकटक केलं.
तिथे काळा चौकोन.
गुन्हा चालवणाऱ्याचा,
शेजारच्याचं तोंड कुणी पाहू नये, असा कायदा.
"कोण होती?" त्या मिस्कील हसल्या.

मी सूप ढवळत राहिलो.
"होता," म्हणालो. "माझा बाप."

एकेचाळीस वर्षं हुझुम ते निब्युल बस चालवली त्याने.
एकदाही दंड नाही, एकदाही उशीर नाही
(घरी यायला सोडून, असं आई म्हणायची).
वृद्धाश्रमातल्या त्याच्या खिडकीतून
नुसतं पार्किंग दिसतं,
म्हणून समुद्राच्या बांधावर नेलं होतं, भरती दाखवायला.
पोचलो तर ओहोटी.
दोन तास आम्ही चिखल पाहिला.
मासळीचा पाव खाल्ला, अर्धा त्याच्या कोटाने.
आश्रमाचं दार साडेआठला बंद होतं,
हे परतताना आठवलं.
उशीर म्हटल्यावर म्हातारा ताठ बसला.
मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ नेऊन म्हणाला,
"वेळापत्रक, पोरा. दाब."

दाबलं.
लाल उजेड लखकन येऊन गेला.
"वीज," तो म्हणाला. "वायपर बघून घे."

पत्र यायला तीन आठवडे लागले.
त्याला जायला अकरा दिवस.

दंडाच्या कार्यालयात फोन केला.
पैसे भरतो, वाद नाही,
फक्त चौकोनाखालचं तेवढं द्या.
पलीकडचा मुलगा नम्र होता.
त्यासाठी, म्हणाला, संबंधित व्यक्तीची लेखी संमती लागेल.
संबंधित व्यक्ती, असं मी सुरू केलं
आणि पुढचं क्रियापद काही सापडेना.
तोही गप्प. खुर्ची करकरली त्याची.
मग आवाज खाली आणून:
"तोंड उघडं आहे त्यांचं.
तुम्हालाच काहीतरी सांगतायत, असं वाटतं.
हे मी बोललो नाही."

फ्राऊ थॉमसेननी नियमाप्रमाणे पगारातून
बावन्न किलोमीटरचं डिझेल कापलं.
खासगी वापर, असा शेरा.
त्यांच्या फॉर्मवर एक रकाना होता,
गाडीत आणखी कोण?
मी लिहिलं, एक उतारू.
नाव लिहा, असा आग्रह त्यांनी धरला नाही.
दुसऱ्या दिवशी माझ्या खणात एक मोठं पाकीट होतं,
आत तोच फोटो, ताव भरून छापलेला.
चौकोन आता तळहाताएवढा झालाय.
कडेपाशी मनगट दिसतं, आणि घड्याळाचा पट्टा.

त्या रस्त्याला अजून जातो, बंदरावर एक लिफ्ट आहे आमची.
बरोबर सत्तरने. मागचे हॉर्न मारतात.
हत्यारांची पिशवी शेजारच्या सीटवर असते.
गाडीला फक्त वजन कळतं,
पट्टा लावेपर्यंत कोकलत राहते.

लावतो.