तिसरी किल्ली

निळी, पत्र्याची, एका कडेवर मावेल एवढी पेटी.
तिला तीन कुलपं.
तीन किल्ल्या, तीन घरांत.
एकीचा नवरा ओरडला,
दुसरीचा दीर गोड बोलला,
तिसरीला स्वतःलाच मोह पडला,
तरी पेटी एकटीदुकटीला बधत नाही.

असं ठरलं सहा वर्षांपूर्वी,
सावेलुगूच्या पुढच्या आमच्या गावात, कडुनिंबाखाली,
शियाचं लोणी काढणाऱ्या पंचवीस जणींत.
मी वही लिहिते.
सहावीत शाळा सुटली माझी, आकडे सुटले नाहीत.

दर मंगळवारी वाडगा फिरतो.
उशिरा येणारीला दंड अर्धा सेडी,
डुलकी घेणारीला तेवढाच.
नवऱ्याचं गाऱ्हाणं सांगणारीला दंड नाही,
नाहीतर पेटी केव्हाच भरली असती.

त्या बुधवारी फुसेनाच्या वुम्पिनीचं पत्र आलं.
टामालेच्या नर्सिंग शाळेत जागा,
पैसे शुक्रवारी, दुपारी दोनच्या आत.
फुसेना काही बोलली नाही.
शियाच्या बिया फोडत बसली,
फोडलेल्यासुद्धा पुन्हा फोडत.

दोन किल्ल्या लगेच आल्या.
तिसरी अबिबाताच्या गळ्यात,
आणि अबिबाता अक्रात,
बाजारात डोक्यावर घमेलं घेऊन
लोकांचे कांदे वाहत.
किल्ली विसरून नेली की मुद्दाम
यावर आमचे दोन मंगळवार गेले होते.

कुणाचा तरी भाऊ हातोडा घेऊन आला.
हवाबू म्हातारी उठली, आणि पेटीवरच बसली.
म्हणाली, आज चांगल्या कामासाठी फोडाल,
उद्या हातोड्याला
चांगलं-वाईट कोण शिकवणार?
ऊठ म्हणायची कुणाची छाती झाली नाही.
फुसेनाचीही नाही.

मग फोन. मध्ये दोनदा कटला.
पलीकडे हॉर्न, कोंबड्या, भाव करणारी माणसं,
आणि अबिबाता म्हणाली फक्त,
'रात्रीच्या बसने.'

शुक्रवारी पहाटे टामालेच्या स्टँडवर
धुळीचा वारा, ओठ फुटलेले,
ड्रायव्हर इद्रिसूने आरशाला बांधलेली
चिंधी सोडून माझ्या हातात दिली.
चौदा तास डोळ्यांसमोर डुलत होती, म्हणाला,
झोप लागू दिली नाही तिने.

चिंधीत किल्ली. किल्लीभोवती कागद.
रात्रीच्या वर्गात दोन हिवाळे
ती माझ्या शेजारी बसायची,
कंदील तिच्या बाजूला ओढून घ्यायची,
आणि पाटीवरचं पुसून टाकायची
मॅडम लामिसी जवळ येण्याआधी.
तिचं अक्षर मी तेव्हा पाहिलंच नव्हतं.

'पैसे मोजून घ्या.
माझ्या वाट्यातलेही वुम्पिनीला.
मला एक वही पाठवा, कोरी.'
खाली नाव.
नावात दोन 'बी',
एक इकडे तोंड करून, एक तिकडे,
भांडलेल्या सवतींसारख्या.

मोटरसायकलवर गाव, तीन कुलपं, मोजणी,
पुन्हा टामाले. बँकेत रांग.
एक वाजून चाळीस मिनिटांनी पावती.
वुम्पिनी हसली नाही,
पावतीची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

वहीत अंगठ्याचा एक रकाना असतो.
अबिबाताच्या ओळीत तिथे
सहा वर्षांचे जांभळे डाग.
त्यांच्या खाली तो कागद मी
खळ लावून चिकटवला. उलटा 'बी' तसाच ठेवला.

मंगळवारी ठराव आला:
अबिबाताच्या परतीच्या भाड्याचे पैसे पेटीतून.
विरोधात एकच हात, तिच्या नणंदेचा.
आला तसा वहीत लिहिला.
वही पाठवली, कोरी, रेघांची.
बसभाडं पाठवलं त्याच चिंधीत.

अजून आलेली नाही.
किल्ली तोवर माझ्या गळ्यात.
रात्री कुशीवर वळले की
थंडगार टोचते,
आणि मी उठून बसते,
मोजते, कुणाची मुलगी
यंदा सहावीत आहे.