पाठकोरे

फोर्टात, कोर्टाच्या मागच्या गल्लीत
आठ बाय सहाचं माझं झेरॉक्सचं दुकान.
दोन मशिनं, एक पंखा, एक स्टूल
आणि काउंटरखाली साबुदाण्याची रिकामी गोण.
तिच्यात दिवसभराचं वाया गेलेलं:
तिरकी आलेली पानं, टोनर संपताना फिकटलेली पानं,
"अहो बाई, चुकून जुनंच दिलं" अशी पानं.

एका बाजूला मजकूर. दुसरी बाजू कोरी.

माझे सासरे याला पाठकोरे म्हणायचे.
गोदीत कारकून होते.
बिलांच्या पाठीवर वाणसामान लिहिण्यात जन्म गेला.
मला तो चिकटपणा वाटायचा.
आता संध्याकाळी शटर अर्धं ओढून
मीच पानं जुळवते, कोरी बाजू वर,
दाभणाने भोकं, जाड दोरा, जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा.
दिवसाला तीन वह्या. फार तर चार.

एक चहावाल्या रामसूरतला, उधारीसाठी.
एक नोटरीच्या शिपायाला. तो चित्रं काढतो, सगळे घोडेच.
एक वडापाववाल्या तुळसाबाईच्या नातीला, गणितासाठी.

तिथेच घोटाळा झाला.
तुळसाबाई वही घेऊन आली, म्हणाली,
"पोरगी विचारते, क्रूरता म्हणजे काय?"
पान उलटून पाहिलं.
त्र्याण्णव भागिले चारच्या मागे
कुणाची तरी नवऱ्याविरुद्धची तक्रार,
नावगावासकट, परिच्छेद अकरा.
ती बाई मला माहीत होती.
दर तारखेला पायरीवर बसायची, पिशवी मांडीवर घेऊन.

त्या रात्री घास उतरला नाही.
कागद वाचवताना माणूस उघडं पडतं
हे सासऱ्यांनी सांगितलं नव्हतं.
त्यांच्या बिलांवर फक्त गोण्यांचे आकडे असायचे.

आता आधी वाचते.
एखादंच नाव असलं तर तेवढं कात्रीने कापते,
पानाला खिडकी पडते.
जास्त असलं तर पट्ट्या,
त्या जातात फ्रेमवाल्या दस्तगीरकडे, काचा बांधायला.
वेळ दुप्पट लागतो. वह्या दोनच होतात.

मंगळवारी पेडणेकर वकिलांचा ज्युनिअर आला
धापा टाकत, हातात पेनड्राइव्ह.
खाडीतली तिवरं तोडू नयेत म्हणून याचिका.
पानं दोनशे बारा. प्रती सहा.
"दोन्ही बाजूंनी काढू?"
"नको नको, एकाच. सर रागावतात."
बाराशे बहात्तर.
मशीन तापलं. पंखा माझ्यावरून काढून त्याच्याकडे वळवला,
आणि तिवरांसाठी कागद निघत राहिले,
पाठ कोरी, पाठ कोरी, पाठ कोरी.

हसू आलं. म्हणजे, हसूच आलं असं नाही.

म्हटलं, विचार तरी सरांना.
निदान तुमच्या ऑफिसची प्रत.
तो फोन घेऊन गल्लीत गेला,
परतला तेव्हा कान लाल.
"ऑफिसची चालेल म्हणाले."
एकशे सहा कागद वाचले.
एवढंच.
दोन्ही बाजूंना मी सवलत देते, म्हणून गल्ल्यातही तेवढे कमी पडले.
नवरा म्हणतो, तू धंदा करतेस की व्रत?
मी म्हणते, शाईचा हिशेब तू बघ.

परवा ती पायरीवरची बाई आली.
आधारकार्डाच्या दोन प्रती.
तिला काहीच ठाऊक नाही, आणि मी सांगायला धजले नाही.
सुट्टे नव्हते. खरं तर होते.
मी एक वही पुढे केली.

तिने उघडली. सवयीने उलटून पाहिली.
मागे कुणाचं तरी विजेचं बिल,
नावाच्या जागी चौकोनी खिडकी.
तिने त्यात बोट घातलं,
पलीकडून बाहेर काढलं,
आणि म्हणाली,
"तारखा लिहायला बरी आहे."