फेरमोजणी

रोज साडेचारशे, चहा कंपनीचा.
माझ्याकडे पांढऱ्या रंगाचा डबा आणि फितीचं एक टोक,
दुसरं टोक घवाळ्यांच्या प्रदीपकडे.
तक्त्यात चार रकाने: क्रमांक, जात, घेर, शेरा.
सड्यावरून तेलाचा नळ निघणार,
आमच्या राईतून खाडीकडे उतरणार म्हणे;
आडवं येईल तेवढंच मोजायचं.

पहिले दोन दिवस सोपे गेले.
किंजळ. किंजळ. ऐन. सातवीण.
सुरंगीपाशी प्रदीप थांबला,
ही दोघांच्या कवेत मावत नाय, काय लिहू?
मी म्हटलं, फूट-इंच लिही.

तिसऱ्या दिवशी झऱ्याखाली उतरलो,
जिथे रानजायफळं चिखलातून गुडघे वर काढतात,
श्वास घ्यायला, असं शाळेत बाईंनी सांगितलेलं.
साल खरवडून आकडा टाकायचा नियम.
खरवडलं. लाल आलं.
सत्तेचाळीसातला सात ओघळून मुळाशी गेला.
पुसला, परत काढला. परत.
प्रदीप तिकडे तोंड करून
खिशात नसलेली विडी शोधत राहिला.

वर सड्यावर भोकं पाडायचं यंत्र घरघरत होतं.
त्यावरचा साहेब तसा भला माणूस.
जेवताना म्हणाला, तेल म्हणजे तरी काय,
कधीकाळी बुडालेलं जिवंत काहीतरी,
कोट्यवधी वर्षं दाबून राहिलेलं.
आमच्यात म्हणतात, पुरलेलं उकरू नये,
उकरलंत तर ते बदली मागतं.
हे मी बोललो नाही. लोणचं घेतलं.

यंदा खाडीचं पाणी हौसाकाकूच्या तुळशीला लागलं,
पाऊस नसताना, रखरखीत दुपारी.
तुळस खारली.
याला रकाना नाही.

चौथ्या दिवशी गारंबी.
मांडीएवढा वेल, त्याचा बुंधा शोधत निघालो,
एकशेबारावरून तेरावर, तिथून ओढ्यापलीकडे,
देवळाच्या कौलांवरून पुन्हा मागे,
दिवेलागण झाली तरी मूळ सापडेना.
आणि तिने धरलेलं कुठलंच झाड
तिच्यावेगळं लिहिता येईना.
शेऱ्यात लिहिलं: सुटी होत नाहीत.
एकूण झाडे: एक.

कागद परत आला. लाल शाईत: फेरमोजणी करावी.

सोमवारी जायचंय.
प्रदीप नाही येणार,
तो बायकांसोबत यंत्रापुढे कातळावर बसलाय.
फितीचं दुसरं टोक धरायला माणूस हवा.
वाडीत विचारत फिरतोय, साडेचारशे, चहा.
कुणी हो म्हणत नाही.

मीही फार मोठ्याने विचारत नाही.