चोवीस नग, वाफेसाठी

नागदेवीच्या गल्लीत ऊन खालपर्यंत पोचत नाही,
फ्लँजांच्या थप्प्यांवरच अडतं.
हातगाडीवाला 'बाजू, बाजू' करत नळ्यांचा भारा रेटतो,
मी भिंतीला पाठ लावून यादी वाचते:
गेट व्हॉल्व्ह, चार इंची, नग चोवीस,
वाफेची लाइन, माहुल, बॉयलर दोन.

खरेदी खात्याला एवढंच पुरतं.
तीन कोटेशनं, सगळ्यांत खालचा आकडा, सही.

कुतुबभाई चहा मागवतात
आणि काउंटरवर ठेवतात एक हिरवागार,
साखरपुड्याला निघाल्यासारखा.
'नवाच आहे, बेटा.'
मी घराची किल्ली काढून मानेजवळ खरवडते.
हिरव्याखाली राखाडी, राखाडीखाली लाल,
लालखाली ओतकामाचा नंबर,
म्हणजे नंबर होता ती जागा,
घासून गुळगुळीत.
वरून कीर्तन, आतून तमाशा.
कुतुबभाई हसतात, चिडत नाहीत.
'घरतची चेली दिसतेस.'

हो.
मोरेश्वर घरत, फिटर, राहणार माहुलगाव,
स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला आणि टोक व्हॉल्व्हला लावून
आतली वाफ ऐकायचे.
'कुजबुजते बघ. बसत नाहीये नीट.'
मला नुसता गोंगाट ऐकू यायचा, साताठ महिने.

ते सांगायचे, गेट म्हणजे दार.
तिन्हीसांजेला उंबऱ्यात बसू नये म्हणतात ना, तसं.
आत ये, नाहीतर बाहेर जा.
अर्धवट उघडा ठेवलास तर पडदा थडथडतो,
धार बैठक खाते,
मग बंद केलास तरी बंद होत नाही.
(यावरून माणसांबद्दल काही सुचत असेल
तर ते डबा खाताना. आत्ता पाना दे.)

आणि पाचर.
लोकांच्या कामात पाचर मारतात ती नव्हे,
ही बसली तरच काम होतं.
पण वाफेला अखंड पाचर घेऊ नकोस.
गरम असताना बंद केलीस की थंड होताना
अंग आवळून धरते तिला,
मग चाकाला पाइप अडकवून चौघं लोंबकळतात.
कमरेत खाच असलेली घे, जराशी लवणारी.

उजव्या हाताचं त्यांनी एकदाच सांगितलं.
कोपरापर्यंत कातडी दुसऱ्या कुणाची वाटायची.
रात्रपाळी. स्टेम वर न येणारा व्हॉल्व्ह,
चाक बघून कळत नाही उघडा की मिटलेला.
कुणीतरी ओरडलं, 'बंद आहे.'
ओरडणाराही खोटं बोलत नव्हता.

म्हणून मी कुतुबभाईंना सांगते:
ओतीव पोलाद, नंबर शाबूत, दाखला सोबत,
ग्लँडला ग्राफाइट,
आणि स्टेम वर येणारा, सगळे चोवीस.
ते आतून दुसरा आणतात. रंगाशिवाय. जड.
आकडा ऐकून चहा थंड होतो.

कोटेशनखाली शेरा लिहिते:
रात्रपाळीच्या माणसाला दहा पावलांवरून कळलं पाहिजे.
साहेब लाल पेनने विचारतात:
याने उत्पादन किती टक्के वाढेल?
फाइल तिथेच आहे. आज एकविसावा दिवस.

चेंबूरला आमच्या सोसायटीत
पहाटे पाण्याच्या वेळेला टाकीचा व्हॉल्व्ह
वॉचमनने नेहमीसारखा अर्धाच उघडलेला.
आत थडथड. आता मला ऐकू येते.
मी पायजम्यावर खाली उतरते, चाक धरते,
उघडत नेते, आटे मोजत,
अकरा, बारा, आणि शेवटाला टेकलं
की पाव आटा मागे.

तेही त्यांचंच.
टेकवून ठेवू नये.
नंतर येणाऱ्याला वाटतं अडकलंय,
आणि तो जोर लावतो.