भाड्याचा कोट

गिकोंब्याच्या जुन्या कपड्यांच्या बाजारात,
नदीकडच्या गल्लीत, माझ्याकडे अकरा कोट आहेत.
मागच्या आगीआधी चाळीस होते.
विकत नाही मी ते. दिवसाच्या बोलीवर देते.
सकाळी सातला न्यायचा, दिवेलागणीला आणून द्यायचा,
आणि मुलाखत कुठे आहे ते आधी सांगायचं.

बँक असेल तर काळा. त्यात दुसरं मत नाही.
सरकारी कचेरीला तपकिरी, जरासा ढगळ,
म्हणजे साहेबाला वाटतं, हा माणूस घाई करणार नाही.
हॉटेलासाठी आखूड बाह्यांचा. मनगटं दिसू देत,
ताट धरणारे हात ते आधी बघतात.
शाळेत जाणाऱ्याला मी कोट देतच नाही.

काल नासिमियू आली. पिवळा ब्लाउज,
पायात थोरल्या बहिणीचे बूट, पुढे कापूस कोंबलेला.
"मावशी, न्गाँग रोडवर काचेची इमारत आहे.
तिथला मालक म्हणे सपाता घालून फिरतो.
मैत्रीण म्हणते, जीन्स घाल.
आई म्हणते, चारचौघांत माणसासारखी जा.
रात्रभर दोघी माझ्या उशाशी भांडत होत्या."

मी सुईत दोरा ओवत होते, तो आधी ओवून घेतला.
मग म्हटलं, पोरी,
सपाता घालून फिरायला आधी इमारत लागते.
त्याचा गुडघा फाटला तर ती फॅशन,
तुझा फाटला तर ती बातमी.

"मग कोट?"
कोट घालून गेलीस
तर म्हणतील, ही कुणाच्या मयताला निघालीय?

तिनं आरशात पाहिलं. माझा आरसा अर्धाच आहे.
कमरेखाली माणूस कसा दिसतो
ते मला आजवर कुणालाच सांगता आलेलं नाही.

शेवटी सात नंबरचा काढला, राखाडी.
कुठल्याशा थंड देशातून गाठोड्यात आलेला,
अस्तरावर नाव आहे, अक्षरं मला लागत नाहीत.
"अंगात घालू नकोस. हातावर टाक.
दारातून बघ, आतले कसे बसलेत.
गळ्याशी बटणं लावलेली दिसली तर तिथंच चढव.
नाही दिसली, तर तुला उकडतंय."
"जुलैत कुणाला उकडतं, मावशी?"
"धावत आलेल्याला. धावत जा."

संध्याकाळी मी कुणाला काही विचारत नाही.
कोट सांगतो.
कॉलर ओली म्हणजे प्रश्न अवघड होते.
पाठ चुरगळलेली म्हणजे बाहेरच्या बाकावर फार वेळ.
एकदा एक कोट परत आलाच नाही,
त्याचं मला वाईट वाटलं नाही.

हा आला तो नीट घडी घालून, कॉलर कोरडी,
पण वास वेगळाच. फुलांचा, महागाचा.
मी नाक वर करून तिच्याकडे बघितलं.

"आत एसीनं बर्फ झाला होता, मावशी.
मुलाखत घेणारी बाई दंड चोळत बसलेली.
तिनं पहिलाच प्रश्न विचारला,
तो कोट तू घालणार आहेस का?
मी म्हटलं, नाही. मग तिनंच घातला.
पाऊण तास माझ्यासमोर माझा कोट बसला होता."

"माझा," मी म्हटलं.

"हो, तुमचा. आणि तिला खांद्यात घट्ट होत होता."
हे सांगताना ती पहिल्यांदा हसली.
नोकरीचं? कळवतो म्हणाले.

ठरलेले शंभर शिलिंग. मी पन्नासच घेतले.
वापरला दुसरीनं,
तिच्याकडे वसुलीला कोण जाणार?

उद्या बँकेसाठी एक मुलगा यायचाय.
त्याला काळाच.
तरी सात नंबरचा मी पुढे टांगून ठेवलाय,
वास जाईपर्यंत.