बाकाची पाठ

खडकीच्या छावणीत, शिरिषांच्या रांगेमागे
काळ्या दगडाची लांबुडकी इमारत.
टेपचं एक टोक माझ्या हातात,
दुसरं बर्नबास पवारांच्या अंगठ्याखाली.
"सत्तावीस फूट, साडेचार!" ते ओरडतात.
घुमट नाही, तरी आवाज वरून परत येतो,
सागवानी कैच्यांमधून, पारव्यांना उठवून.

पूर्वेला वेदी, पश्चिमेला फळा.
मधे एकच दालन.
पलटणीला दोन इमारती परवडल्या नसाव्यात,
किंवा कुणाला तरी वाटलं असेल
की प्रार्थना आणि पाढे एकाच कौलांखाली मावतात.

"आता गंमत बघा," पवार म्हणतात,
बाकाची पाठ दोन्ही हातांनी धरतात,
उचलतात, ढकलतात
खट्.
पितळी बिजागरी, अजून तेलकट.
बसायची फळी जिथल्या तिथं,
टेकायची बाजू पालटलेली.
रविवारी तोंड वेदीकडे,
सोमवारी फळ्याकडे.
तीच पोरं, तेच खरचटलेले गुडघे,
देवाकडे पाठ करून पाठ म्हणायची.

बाकाच्या कडेला चार खाचा.
बंदुका उभ्या करायला, ते सांगतात;
एका उन्हाळ्यानंतर म्हणे शिपायांना
गुडघे टेकतानाही हात रिकामे नको वाटायचे.
मी वहीत लिहिते: खाच, रुंदी दीड इंच, खोली पाऊण.
त्यांची बहीण इथं शिकली, पंच्याहत्तर साली.
तेव्हा खाचेत छत्र्या असत,
आणि मार्था साळवेची कुबडी.

उत्तरेची भिंत दक्षिणेपेक्षा चार इंच लांब.
तीनदा मोजली. त्यांनी टेप झटकला,
मी चष्मा पुसला. चार इंच.
दालन काही काटकोनात बसेना.
"नका बसवू," पवार म्हणाले,
"इतकी वर्षं उभं आहेच की."

मग डबे. त्यांनी एकाच बाकाची पाठ फिरवली,
मागच्याची तशीच ठेवली.
समोरासमोर बसून गवार खाल्ली आम्ही,
वेदी त्यांच्या उजवीकडे, माझ्या डावीकडे.
हे ज्यानं बनवलं त्या सुताराला
असंही बसता येतं हे ठाऊक असेल का?

संध्याकाळी कागदावर
दगड जाड रेघेत, लाकूड बारीक.
बाकाची पाठ दोनदा काढली, दुसऱ्यांदा तुटक.
हलतं ते तुटक काढायचं, असं शिकवलंय.
शेवटी 'वापर' हा रकाना,
जेमतेम एका शब्दाएवढा.
पेन्सिल तिथं टेकवून बसले.
बाहेर पवार कुलूप लावत होते.
कडी सरळ बसत नाही;
दार किती उचलायचं, ते त्यांच्या खांद्याला माहीत आहे.