चौदा नंबर

रविवारी रात्री संघाच्या अठरा जर्सी माझ्याकडे येतात.
कामं वाटली तेव्हा मला धुणं मिळालं,
कीर्तनभाईंना गाडी, खानविलकरांना हिशेब,
आणि विठ्ठल इंगवल्यांना चुना.

पहाटे साडेपाचला पोलो ग्राउंडवर
कुत्र्यांच्याही आधी ते आलेले असतात.
खुंट्या ठोकतात, सुतळी ताणतात,
डब्यातून चुना सोडत उलटे चालत जातात.
पंच एकदा म्हणाले, ही रेष पट्टीनं ओढली का हो?

मी मुलं डागांवरून ओळखते.
सात नंबर घसरून चेंडू काढतो, उजवं कोपर हिरवं.
तीन नंबर नाक बाहीला पुसतो,
त्याच्या आईला अजून सांगितलेलं नाही.
नऊ माझा, निनाद. छातीवर चेंडूचा गोल छाप,
गळ्याशी तरीचा थेंब.

चौदाला इस्त्रीची घडी आहे. अजून.
शार्दूल इंगवले ती घालतो, बसतो, काढतो,
पिशवीत सगळ्यांत वर ठेवतो.
काकू, ही नाही धुतली तरी चालेल.

गुरुवारी सेवउसळीच्या गाडीवर बैठक.
आणंदच्या स्पर्धेसाठी अकरा नावं.
कोच म्हणाले, शार्दूल तयार आहे, डावा पाय बघा त्याचा.
कीर्तनभाईंनी पाव मोडला,
डिझेल किती महाग झालंय ते सांगितलं,
आणि डावीकडच्या जागेत हर्षिल लिहिला गेला.
खानविलकर वहीत बघत राहिले.
मी म्हणाले, जरा कांदा द्या इकडे.

(निनाद नऊ नंबरला कसा, हे मला कुणी विचारलं नव्हतं.
जूनमध्ये मी फक्त म्हणाले होते,
आमच्याकडे मशीन नवीन आहे.)

आज सामन्यात पोरं ओरडत होती, आप ने, आप ने,
शार्दूल रेषेच्या बाहेर उभा,
बुटाचं टोक पांढऱ्याला न लागेल असं.
पलीकडे त्याचे वडील पँटला हात पुसत होते.

रात्री चौदाही आत टाकली.
नाहीतर वर्षाअखेर सतरा विटतील
आणि एकच निळी राहील दुकानातल्यासारखी,
लांबून दिसेल कुणालाही.

मशीन फिरायला लागलं तेव्हा आठवलं,
पाठीवर, आकड्याच्या खाली,
चुन्याची चार बोटं होती.

बटण दाबलं.
हे दार लगेच उघडत नाही.